थेरपिस्टला सांगितलेलं कोर्टात जाऊ शकतं का?

थेरपी सुरू करायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो फी किती, आणि दुसरा प्रश्न बरेचजण तोंडाने विचारत नाहीत पण मनात असतोच, की हे बाहेर तर जाणार नाही ना. घरी कळेल का, ऑफिसात कळेल का, सासरी कळेल का. थेरपिस्ट सांगतात की काळजी करू नका, सगळं गोपनीय राहतं, आणि ते खरंच सांगत असतात, चांगल्या थेरपिस्टला तुमच्या आईचा फोन आला तरी तो काही बोलत नाही. पण उद्या कोर्टाचं समन्स आलं तर? किंवा पोलीस स्टेशनमधून कुणी फाइल मागायला आलं तर? तिथे या आश्वासनाचं काय होतं हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करू. थेरपिस्टने आपणहून कुणाला काही सांगायचं नाही, ही एक गोष्ट झाली. ती त्याच्या पेशाची शिस्त आहे, काही ठिकाणी कायद्यातही आहे, तिला गोपनीयता म्हणू. आणि खुद्द न्यायाधीशांनी विचारलं तरी "हे मी सांगणार नाही" असं म्हणता येणं, आणि तसं म्हटल्याबद्दल शिक्षा न होणं, ही पूर्ण वेगळी गोष्ट. तिला कायद्यात विशेषाधिकार म्हणतात, वकील मंडळी बोलताना प्रिव्हिलेज म्हणतात. तुम्ही वकिलाला जे सांगता त्याला हे दुसरं संरक्षण आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. थेरपिस्टला जे सांगता त्याला ते नाही. आजही नाही.

हे संरक्षण असतं तेव्हा कसं असतं आणि ते कशासाठी द्यायचं, हे समजायला अमेरिकेतली एक केस फार कामाची आहे, जॅफी विरुद्ध रेडमंड. शिकागोजवळ हॉफमन इस्टेट्स नावाचं गाव आहे, मेरी लू रेडमंड तिथे पोलिसात होती. २७ जून १९९१ ला एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मारामारी चालू आहे असा कॉल आला आणि सगळ्यात आधी तीच पोचली. तिचं म्हणणं असं की बिल्डिंगमधून एक माणूस दुसऱ्याच्या मागे धावत बाहेर आला, हातात खाटकाचा सुरा, तिने सुरा टाक म्हणून परत परत सांगितलं, त्याने ऐकलं नाही, आता हा भोसकणार असं वाटलं तेव्हा तिने गोळी झाडली. रिकी ॲलन जागेवरच गेला. त्याच्या घरच्यांचं म्हणणं एकदम उलट, तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी फेडरल कोर्टात, म्हणजे राज्याच्या नाही तर केंद्राच्या कोर्टात, दावा टाकला की पोलिसाने नको इतकं बळ वापरून माणूस मारला.

आता दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवा, कारण इथे कुणी खलनायक नाहीये. एका घरातला माणूस गेलाय आणि त्यांना खरं काय झालं ते हवंय. दुसरीकडे एक बाई आहे जिच्या हातून माणूस मेलाय, आणि त्यानंतर ती कॅरन बायर नावाच्या क्लिनिकल सोशल वर्करकडे समुपदेशनाला जायला लागली, जवळपास ५० सेशन झाली. ॲलनच्या वकिलांना हे कळल्यावर त्यांनी त्या सेशनच्या नोट्स मागितल्या. खालच्या कोर्टाचे जज म्हणाले द्या. दोघींनी दिल्या नाहीत. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्या काही प्रश्नांना उत्तर द्यायला नकार देत होत्या, काहींना तपशील आठवत नाही म्हणत होत्या. शेवटी जजनी ज्यूरीला सांगितलं की या नकाराला कायद्याचा आधार नाही, त्यामुळे त्या नोट्समध्ये रेडमंडच्या विरोधात जाईल असंच काहीतरी आहे असं तुम्ही धरून चालू शकता. ज्यूरीने ॲलनच्या बाजूने एकूण ५,४५,००० डॉलरचा निकाल दिला.

केस वर गेली, अपील कोर्टाने हा निकाल फिरवला, मग सुप्रीम कोर्ट. १३ जून १९९६ ला ७ विरुद्ध २ असा निकाल लागला की फेडरल कोर्टात मानसोपचार करणारा आणि त्याचा क्लायंट यांच्यातलं गोपनीय बोलणं जबरदस्तीने काढून घेता येणार नाही. हे फक्त सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्टपुरतं नाही, परवानाधारक सोशल वर्करलाही लागू, कारण ज्यांना महागडा सायकियाट्रिस्ट परवडत नाही ते सोशल वर्करकडेच जातात आणि पैसे कमी आहेत म्हणून संरक्षण कमी असं चालणार नाही. निकाल जस्टिस जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. त्यावेळेपर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या स्वरूपात हा विशेषाधिकार आलेलाच होता, हाही एक मोठा मुद्दा होता.

पण या निकालातला मला सगळ्यात पटणारा भाग वेगळाच आहे. विरोधकांचं म्हणणं असतं की असं संरक्षण दिलं तर महत्त्वाचा पुरावा हातचा जातो. स्टीव्हन्स यांनी दाखवून दिलं की तो पुरावा मुळात तयारच होणार नाही. म्हणजे बघा, माणसाला माहीत असेल की आपण इथे जे बोलू ते उद्या कोर्टात वाचलं जाणार आहे, तर तो बोलेलच कशाला? तो गप्प बसेल, किंवा आठवड्यातून एकदा येऊन हवापाण्याच्या गप्पा मारून जाईल. मग ना त्याला उपचार मिळाले, ना कोर्टाला पुरावा मिळाला. आणि हे लक्षात घ्या की घडलेली घटना काही लपत नाही. साक्षीदार आहेत, पोस्टमॉर्टेम आहे, खुद्द रेडमंडला पिंजऱ्यात उभं करून "त्याच्या हातात सुरा होता का" हे विचारता येतंच. फक्त त्या बंद खोलीत रडताना ती काय बोलली ते मागता येत नाही.

अपील कोर्टाने एक मधला मार्ग काढला होता, की प्रत्येक केसमध्ये जजनी तोलून बघावं, पुराव्याची गरज जास्त की खासगीपण जास्त. सुप्रीम कोर्टाने तोही नाकारला. कारण सरळ आहे, सेशनमध्ये बसलेल्या माणसाला चार वर्षांनी कुठला जज काय ठरवेल हे कसं कळणार? भरवसा आधी लागतो.

विरोधातलं मतही कच्चं नव्हतं. जस्टिस स्कॅलिया यांचं म्हणणं साधारण असं, की लोकांना मानसिक आधार सगळ्यात जास्त कुठून मिळतो, तर आईकडून, मग आईला सांगितलेलं कोर्टात विचारता येतं आणि थेरपिस्टला सांगितलेलं नाही, हे कसं? शिवाय प्रत्येक विशेषाधिकाराची किंमत कुणीतरी मोजतं, कधीकधी खरी बाजू असलेला माणूस त्यामुळे केस हरतो. ही किंमत खरी आहे, ॲलनच्या घरच्यांनी कदाचित तीच मोजली, आणि या विशेषाधिकाराच्या बाजूने बोलणाऱ्याने, म्हणजे मीसुद्धा, ती नाकारू नये.

हा हक्क क्लायंटचा असतो, थेरपिस्टचा नाही. क्लायंट म्हणाला सांगा, तर थेरपिस्टला "मी नाही सांगत" म्हणून अडून बसता येत नाही. आणि क्लायंटने स्वतःच आपलं मन केसचा विषय केला, उदाहरणार्थ अपघातामुळे मला डिप्रेशन आलं त्याची भरपाई द्या असा दावा केला, तर बहुतेक वेळा हे संरक्षण गळून पडतं.

आता दुसरं टोक, कारण सगळंच झाकून ठेवायचं म्हटलं तर जीव जाऊ शकतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात भारतातून शिकायला गेलेला एक विद्यार्थी विद्यापीठाच्याच हॉस्पिटलमध्ये सायकॉलॉजिस्टकडे जात होता. ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं की एका मुलीला मी मारणार आहे. नाव घेतलं नाही पण कोण ते सहज कळण्यासारखं होतं, ती त्यावेळी ब्राझीलला गेलेली होती. सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पत्रही लिहिलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेतलं, बोलणं शहाण्यासारखं वाटलं म्हणून सोडून दिलं. मग विभागप्रमुखांनी पोलिसांकडून ते पत्र परत मागवलं आणि पत्राच्या प्रती आणि नोट्स नष्ट करायला सांगितल्या. त्या मुलीला किंवा तिच्या घरी कुणीच काही कळवलं नाही. २७ ऑक्टोबर १९६९ ला त्याने तिचा खून केला.

तिच्या आईवडिलांनी केस केली, तीच टॅरासॉफ केस म्हणून ओळखली जाते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एखाद्याच्या जिवाला गंभीर धोका आहे हे थेरपिस्टला कळलं किंवा कळायला हवं होतं, तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी ती पावलं टाकणं हे त्याचं कर्तव्य आहे. जस्टिस टोब्रिनर यांनी लिहिलेल्या त्या निकालातल्या एका वाक्याचा अर्थ असा, की सार्वजनिक धोका जिथे सुरू होतो तिथे हे संरक्षण संपतं. अमेरिकेत थेरपीच्या पहिल्या भेटीत जो फॉर्म सही करायला देतात, ज्यात कुठल्या परिस्थितीत आम्हाला सांगावं लागेल ते लिहिलेलं असतं, त्यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी या केसमधून आलाय. न्यू जर्सी, बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तो फॉर्म नुसता सही करून देऊ नये, वाचावा.

यातला एक बारकावा बऱ्याचदा सुटतो. धोक्याची सूचना देणं वेगळं आणि नंतर कोर्टात क्लायंटच्या विरोधात साक्ष देणं वेगळं. तिथल्या काही फेडरल अपील कोर्टांनी असंच धरलंय, की थेरपिस्टने वेळेवर पोलिसांना सांगितलं ते बरोबरच, पण म्हणून खटल्यात त्याला साक्षीला उभं करता येईल असं नाही. सगळी कोर्टं यावर एकमत नाहीत, पण मला हा विचार योग्य वाटतो. जीव वाचवायला जेवढं सांगावं लागतं तेवढं सांगून झालं, पुढचं कशाला?

बरं, आता आपल्याकडे या.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यात कलम १३२ वकिलांसाठी आहे, अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही. कलम १२८ नवरा-बायकोतल्या बोलण्यासाठी. डॉक्टर, सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक यांच्यासाठी काहीही नाही. अख्खा कायदा नव्याने लिहिला गेला, वकिलांचं कलम नवीन नंबर घेऊन आलं, आणि मानसिक आरोग्याबद्दल एवढं बोलणं चालू असताना थेरपीसाठी एक ओळ घातली गेली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग आपल्याकडे आहे काय? गोपनीयता आहे. डॉक्टरांसाठी २००२ चे वैद्यकीय आचारनियम आहेत, त्यात म्हटलंय की पेशंटची गुपितं उघड करू नयेत, पण अपवादात पहिलंच काय, तर न्यायाधीशांनी आदेश दिला तर सांगता येतं. दुसरा अपवाद, एखाद्या ठराविक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर. आणि मग आला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २३ खूप चांगलं आहे, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क आहे असं ते स्पष्ट म्हणतं. कलम २४ म्हणतं की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही. २०२० मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या थेरपिस्टने पत्रकाराशी बोलून त्याचं निदान सांगितलं होतं आणि कित्येक दिवस टीव्हीवर तेच चाललं होतं, आठवत असेल. तेव्हा थेरपी घेणाऱ्या किती लोकांच्या पोटात गोळा आला असेल याचा विचार करा.

पण कलम २३ मध्येही अपवाद आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होण्यापासून वाचवायला, जिवाचा धोका टाळायला, सार्वजनिक सुरक्षेसाठी, इतर उपचार करणाऱ्यांना आणि पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला गरजेपुरती माहिती देता येते. शिवाय मानसिक आरोग्य मंडळ, केंद्रीय प्राधिकरण, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट किंवा कायद्याने अधिकार असलेलं दुसरं एखादं प्राधिकरण यांच्या आदेशावरूनही देता येते. म्हणजे दार आहे, त्याला कडी आहे, पण कडी बाहेरून काढता येते.

आणखी एक अडचण आहे जी मला जास्त गंभीर वाटते. हे कलम "मानसिक आजार असलेल्या व्यक्ती"साठी आहे, आणि त्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या बरीच कडक आहे, विचार, मूड, आकलन किंवा स्मृती यांत असा मोठा बिघाड की माणसाची निर्णयशक्ती, वागणं किंवा रोजचं जगणंच कोलमडतं. आता नवऱ्याशी पटत नाही म्हणून, नोकरी गेली म्हणून, वडील गेले त्यातून बाहेर येता येत नाही म्हणून जे लोक थेरपीला जातात, ते या व्याख्येत बसतात का? बरेचसे नाही बसणार. म्हणजे त्यांच्यासाठी कलम २३ लागू होतं की नाही इथूनच वाद. आणि समोर बसलेली व्यक्ती सायकियाट्रिस्ट किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसून एखादा कोर्स केलेली समुपदेशक असेल तर ती या कायद्याच्या चौकटीत येते का, हाही प्रश्न. अशावेळी हातात राहतो तो २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, ज्यात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो मोठा आधार आहे, पण तो प्रत्येक वेळी कोर्टात जाऊन मांडावा लागतो.

एका बाबतीत मात्र कायदा गप्प बसायची मुभाच देत नाही, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवायलाच हवं, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. "कुणीही" म्हणजे थेरपिस्टसुद्धा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण होतं, त्यात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल फिरवला आणि म्हटलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. मला हे योग्यच वाटतं. पण याची दुसरी बाजूही आहे, १७ वर्षांची मुलगी तिच्याच वयाच्या मुलाबरोबरच्या शारीरिक संबंधांबद्दल मोकळेपणी बोलायला आली तरी कायद्याच्या नजरेत ते त्याच कलमात येतं, आणि हे तिला आधी सांगितलं नसेल तर तिचा विश्वासघात झाल्यासारखंच होतं. गर्भपाताच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच थोडी वाट करून दिली, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने रिपोर्टमध्ये तिची ओळख द्यायची गरज नाही. थेरपीसाठी अशी वाट अजून नाही.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे थेरपीची फाइल खूनखटल्यात नाही, घटस्फोटात आणि मुलांच्या ताब्याच्या भांडणात बाहेर येते. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, कलम १३ मध्ये आहे. नुसतं आजाराचं नाव लावून चालत नाही, आजार इतका हवा की एकत्र राहणं अपेक्षितच धरता येऊ नये, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय, पण समोरचा वकील प्रयत्न तर करणारच. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की पुरेसा आधार असेल तर वैवाहिक खटल्यात कोर्ट जोडीदाराची वैद्यकीय तपासणी करायला सांगू शकतं, आणि तरीही नकार दिला तर त्याचा अर्थ विरोधात काढू शकतं. तपासणी आणि थेरपीच्या नोट्स या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण रेडमंडच्या केसमध्ये खालच्या जजनी ज्यूरीला जे सांगितलं आणि जे वरच्या कोर्टांनी खोडून काढलं, तोच विचार आपल्याकडे थोड्या वेगळ्या रूपात कायम आहे.

त्यात फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १४ असं आहे की वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर फॅमिली कोर्ट एरवी पुरावा म्हणून न चालणारा कागदही बघू शकतं. आणि चोरून मिळवलेला पुरावा असला तरी तो निव्वळ त्या कारणाने बाद होत नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या केसमध्ये जोडीदाराने गुपचूप रेकॉर्ड केलेले फोन कॉल चालतील असं सांगितलं. तेव्हा तुमच्या फोनमधले थेरपिस्टबरोबरचे व्हॉट्सॲप मेसेज कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवले तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

यात एक गंमतीशीर नाही तर खटकणारी गोष्ट अशी, की महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात, म्हणजे वांद्रे असो की पुणे, कोर्टाचे स्वतःचे विवाह समुपदेशक असतात आणि नियमांनुसार त्यांच्यासमोर झालेलं बोलणं गोपनीय असतं, दोघांची संमती असल्याशिवाय ते कोर्टाला सांगायला लावता येत नाही, समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही. मुलांच्या ताब्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये याला अपवाद केलाय, मुलाचं हित बघायला समुपदेशकाचा रिपोर्ट वापरता येतो. पण तत्त्व तर मान्य आहे ना! कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकाला जे संरक्षण, ते तुम्ही स्वतःच्या पैशाने गाठलेल्या थेरपिस्टला नाही.

नोट्स कोर्टात गेल्या तर काय होतं ते अगदी जवळून बघा. समजा दोन लहान मुलांची आई सेशनमध्ये म्हणते, "इतकी दमते ना की वाटतं बॅग भरावी आणि निघून जावं, काय व्हायचं ते होऊ दे पोरांचं." थेरपिस्टला यात दमलेली बाई दिसते, हे वाक्य मोठ्याने बोलता आलं हेच तिच्यासाठी औषध असतं, पुढच्या आठवड्यात ती थोडी हलकी होऊन येते. वहीत लिहिलं जातं, "झोप ४ तास. घर सोडून जाण्याचे विचार. मुलांबद्दल राग व्यक्त केला." दोन वर्षांनी तीच ओळ ताब्याच्या केसमध्ये वाचली जाते. "मॅडम, तुम्ही मुलांना सोडून जायचा विचार केला होता, हो की नाही?" ती काय उत्तर देणार, हो म्हटलं तर वाईट आई, नाही म्हटलं तर खोटारडी. वाक्य तेच, पण ते ज्या खोलीत बोललं गेलं ती खोली गेली की त्याचा अर्थच बदलतो. आणि हे बघून ओळखीतल्या पाच बायका ठरवतात की थेरपीला जायचं नाही.

माझी मागणी म्हणून साधी आहे. साक्ष्य अधिनियमात वकिलांच्या कलमाशेजारी एक कलम घालावं, नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिकाला उपचारासाठी सांगितलेलं त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कोर्टातही काढून घेता येणार नाही. अपवाद लिहूनच ठेवावेत, लहान मुलांवरचा अत्याचार, ठराविक व्यक्तीच्या जिवाला धोका, आणि स्वतःहून मानसिक स्थितीवर दावा केलेला असेल तर. म्हणजे पहिल्या सेशनला बसणाऱ्याला रेघ कुठे आहे ते माहीत असेल.

ते होईपर्यंत काय करायचं? पहिल्याच भेटीत थेरपिस्टला सरळ विचारा की तुम्ही नोट्स किती लिहिता, कुठे ठेवता, पोलिसांचा किंवा वकिलाचा फोन आला तर काय करता. नुसत्या फोनवर किंवा वकिलाच्या नोटिशीवर फाइल द्यायची नसते, लेखी आदेश लागतो, आणि त्यावरही आधी क्लायंटला कळवायला हवं. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, पण लेटरहेड बघून घाबरून कागद दिले जातात. केस चालू असेल किंवा होणार असेल तर थेरपिस्टचं पत्र पुरावा म्हणून जोडायच्या आधी वकिलाशी बोला, कारण तुम्हीच एक पान दाखवलं की बाकीची पानं मागायला समोरच्याला वाट मिळते. कपल थेरपीत तर दोघंही क्लायंट असतात, तिथे एकाने काय उघड करायचं नाही हे आधीच लेखी ठरवलेलं बरं. अमेरिकेत राहून पुण्यातल्या थेरपिस्टशी ऑनलाइन बोलत असाल तर लक्षात ठेवा, केस ज्या देशात चालेल तिथलाच पुराव्याचा कायदा साधारणपणे लागतो, आणि ती इथे चालली तर तिथलं संरक्षण बरोबर येत नाही.

आणि थेरपिस्ट वाचत असतील तर, समन्स आलं म्हणून नोट्स फाडू नका, पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. समन्सकडे दुर्लक्षही करू नका. वकील करा आणि कोर्टात अर्ज द्या, कलम २३ आणि पुट्टस्वामीचा आधार घ्या, म्हणा की सगळी फाइल देण्यापेक्षा नेमक्या मुद्द्यावर लेखी सारांश देतो, किंवा नोट्स बंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांना दाखवतो आणि संबंध नसलेला भाग झाकायची परवानगी द्या. फॅमिली कोर्टात कुठल्याही एका पक्षाने मागितलं तर सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, घ्यावी लागते, कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे, हे क्लायंटला सांगा. हे सगळे अर्ज नोट्स दाखल व्हायच्या आधी करायचे असतात, कारण कागद एकदा रेकॉर्डवर आला की त्याची प्रत समोरच्या बाजूला मिळते.